डाव्या पिळाची कातर

मित्रांनो, बहुतेक वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी आपलं म्हातारपण सांगतात. मी तसं करणार नाही. माझ्या धारेवरचं साणेचं तेज अजून उतरलेलं नाही. जुनं आहे ते माझं लोखंड. मी पत्रा कापायची कातर. राहात्याच्या बाजारामागच्या गल्लीत, लालमहंमद पत्रेवाल्यांच्या दुकानात राहते. धारेवर पोट भरणारी जात माझी, तेव्हा बोलता बोलता कुठं टोचलंच तर मनावर घेऊ नका.

आधीच्या जन्मी मी ट्रकचा कमानपाटा होते. शुगर फॅक्टरीला ऊस वाहणारा ट्रक, आणि रस्ते तर तुम्हाला ठाऊकच आहेत! सगळे खड्डे माझ्या पाठीवरून गेले. शेवटी एका हंगामात मी मधोमध तडकले आणि भंगारात जाऊन पडले. पण पाट्याचं लोखंड कसदार असतं. सूर्यभान लोहारांनी मला ढिगातून ओढून काढलं, हातोडीनं टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि आपल्या भात्याशेजारी ठेवून दिलं. काय करायचं ते त्यांनी काही ठरवलं नव्हतं. चांगलं लोखंड दिसलं की त्यांना राहवत नाही, एवढंच.

माझी खरी कहाणी मात्र तिथून चार गल्ल्या पलीकडं, लालमहंमदांच्या दुकानात सुरू झाली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याचं काम. धान्याच्या कणग्या, नरसाळी, पिठाचे डबे, दुधाच्या किटल्यांची झाकणं. प्लास्टिक आलं आणि निम्मं काम घेऊन गेलं, पण उरलेल्या निम्म्यावर त्यांचं बरं चाललं होतं. मुलगा आसिफ टेम्पो चालवतो, त्याला या ठोकाठोकीचा पहिल्यापासून कंटाळा. दुकानात अब्बांच्या जोडीला असते ती लेक, शरिफा. तिचं सासर त्याच गल्लीच्या टोकाला. सकाळची कामं आवरली की ती दुकानात येते आणि डाख द्यायला बसते. डाख देणं म्हणजे कथील वितळवून पत्र्याचे सांधे जोडणं. त्यात तिचा हात असा साफ की सांध्यातून पाण्याचा थेंब काय, वारासुद्धा जायचा नाही. पत्रा वाकवणं, काठात तार भरणं, ठोकून गोलाई आणणं, सगळं तिला येतं. एक कापणं तेवढं सोडून.

त्याचं असं झालं. शरिफा जन्माची डावखुरी. लहानपणी तिनं अब्बांची कातर डाव्या हातात धरली आणि पत्र्याचं एक पान कापायला घेतलं. आता साधी कातर घडवलेली असते उजव्या हातासाठी. ती डाव्या हातात घेतली की वरचं पातं नेमकं रेघेवरच झाकण घालतं, आणि पंजाच्या दाबानं दोन्ही पाती एकमेकांना भिडायच्या ऐवजी फाकतात. पत्रा कापला जात नाही, चावला जातो. तिचंही पान उंदरानं कुरतडल्यासारखं निघालं. मग अब्बांनी कातर तिच्या उजव्या हातात दिली, तर रेघ नागमोडी गेली. ही सगळी रचनेची गोष्ट आहे हे मला आता कळतं, पण त्या दुकानात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कातर म्हणजे कातर, असंच सगळे धरून चालले होते.

लालमहंमद लेकीवर ओरडले नाहीत. ते ओरडणारे नव्हेतच. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाले, "बेटा, तुझ्या हातात काप न्हाई. तू डाख दे." रागानं बोललेलं माणूस विसरून जातं हो, पण असं मायेनं बोललेलं कायमचं खरं वाटून बसतं. शरिफा मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला लेकरू झालं, तरी आपल्या हातात काप नाही हे ती मनाशी धरून होती. कातर उचलायची ती फक्त अब्बांच्या हातात द्यायला.

आता कंदिलाचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. गावाबाहेर ओढ्याकाठी एक दर्गा आहे. उरुसाला त्याच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाला पत्र्याचा कंदील टांगतात. दरवर्षी नवा, आणि तो करायचा मान लालमहंमदांच्या घराचा. खाली झालर, वर चांद आणि मध्ये तारेच्या सांगाड्यावर वेलीची दातेरी पानं. पानांच्या फटींतून उजेड पडला की अंगणभर वेल पसरते. रिवाज असा की ज्यानं पत्रा कापला त्यानंच कंदिलात पहिली ज्योत लावायची. लालमहंमदांच्या आजोबांनी लावली, वडिलांनी लावली, आणि वडील गेल्यापासून ते स्वतः लावत आले.

पण गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाचा कप बशीत वाजायला लागला. सरळ काप ते कसाबसा मारत, कारण सरळ कापाची मोठी कातर असते तिचा एक दांडा जमिनीत रोवलेल्या लाकडी ठोकळ्यात बसवतात आणि दुसरा नुसता दाबतात. पण पानं, पाकळ्या, चांद म्हटलं की लहान कातर मोकळ्या हातात धरावी लागते. तिथं कंप लपत नाही. गेल्या वर्षीच्या कंदिलाची पानं कशीबशी झाली होती. कुणी काही बोललं नाही, पण लालमहंमदांना स्वतःला ती दिसत होती. यंदाचा उरूस तोंडावर आला आणि त्यांची झोप उडाली. कंदील झाला नाही तर मान तर जाईलच, पण त्यांच्या मागं दुकानात कापायच्या बैठकीवर बसणारं कुणी नव्हतं. शरिफालाही तेच वाटत होतं आणि तिला त्याचं फार वाईट वाटायचं.

तेव्हा त्या माणसानं मला मनात घडवायला घेतलं. विचार साधाच होता: ठोकळ्यात रोवायची कातर, पण वळणाचा काप घेणारी. एक दांडा ठोकळ्यानं धरला म्हणजे निम्मा कंप लाकडात जाईल. दुसरा दांडा लांब, म्हणजे बोटांचं काम खांदा करील. पाती आखूड आणि पोपटाच्या चोचीसारखी बाकदार, म्हणजे पत्रा गर्रकन फिरवता येईल. त्यांनी कोळशानं दुकानाच्या फरशीवर मला काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. शरिफा फरशी झाडायची सोडून माझ्याभोवतीनं पाय टाकत चालायची. मग मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, टाचणीचा खिळा करून त्यांनी मला उघडमीट करून पाहिलं. पहिल्यांदा मूठ पत्र्यावर आपटत होती, म्हणून ती बाहेरच्या अंगाला वाकवली. खालचा दांडा ठोकळ्यातून निसटेल असं शरिफाला वाटलं, तिनं टोकाला आकडा सुचवला. तो लगेच मान्य झाला. बापलेकींचे ते दिवस मोठे गोड गेले. माझं अजून कशात काही नव्हतं, तरी त्या घरात माझ्यावर जीव लावणं सुरू झालं होतं.

पुठ्ठ्यावर सगळं जमल्यावर त्यांनी जस्ती पत्र्यातून माझा फर्मा कापला. कुठं भोक, कुठून धार, मूठ कुठल्या बाजूला वाकवायची, सगळ्या खुणा आरीच्या टोकानं ओरखडून ठेवल्या आणि फर्मा सूर्यभानांकडं धाडून दिला. स्वतः गेले नाहीत, कारण सूर्यभानांसमोर हात थरथरलेला त्यांना चालणार नव्हता. इथंच घोळ झाला.

झालं काय, की पत्रेवाला खुणा नेहमी आतल्या अंगाला करतो. ओरखड्याला गंज आधी धरतो, म्हणून खूण कधी दर्शनी बाजूला ठेवायची नाही, ती आत जाणार, हा त्यांचा जन्माचा नियम. लोहाराचं उलटं. तो खडूनं खूण करतो ती वरच्या बाजूला, डोळ्यासमोर, जिथं घण मारायचा तिथं. सूर्यभानांनी फर्मा खुणा वर करून ठेवला आणि पाट्याचं लोखंड लाल करून मला घडवलं. मनापासून घडवलं, त्यात शंका नाही. कानस मारली, तेलात बुडवून धारेला पाणी पाजलं, साणेवर धार काढली. मी झाले सुरेखच, पण आरशात दिसावी तशी. जे उजवीकडं हवं होतं ते डावीकडं.

लालमहंमदांनी मला ठोकळ्यात बसवलं, पत्रा सरकवला आणि दांडा दाबला. वरचं पातं रेघेवर आडवं आलं. मूठ बाहेर जायची ती त्यांच्या पोटाकडं वळली. त्यांनी मला फिरवून पाहिलं, स्वतः तिरपं बसून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. मी तरी काय करणार? जशी घडले तशीच कापणार. त्यांचा चेहरा उतरला तो मला आजही आठवतो. ज्या माणसानं मला इतक्या हौसेनं मनात आणलं, त्याच्याच हाताला मी लागले नाही.

मग दोन म्हाताऱ्यांची जुंपली. सूर्यभान म्हणाले, खूण दिसती ती वरची बाजू, हे शेंबडं पोरही सांगंल. लालमहंमद म्हणाले, खूण असती ती आतली बाजू, हे पत्र्याशी संबंध असलेला कुणीही सांगंल. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळं भांडण काही मिटेना. सूर्यभान दुसरी घडवून द्यायला तयार होते, पण तसला पाटा पुन्हा हाती लागायला हवा होता, आणि उरूस तर उंबऱ्यावर आलेला. शेवटी लालमहंमदांनी मला कोपऱ्यात गोणपाटाखाली ढकललं. संध्याकाळी आसिफला म्हणाले, नगरला जाशील तेव्हा एखादा विकतचा कंदील बघून ये. हे सांगताना ते कुणाच्याच तोंडाकडं बघत नव्हते. शरिफा कथील वितळवत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं धुराच्या नावावर खपवलं.

गोणपाटाखाली पडून राहणं वाईट, मित्रांनो. गंजाची भीती असतेच, पण त्याहून मोठं दुःख म्हणजे आपण चुकून झालो आहोत असं वाटणं. मी तिथं पडून स्वतःला बरंच टोचून घेतलं.

एक दिवस दुपारी लालमहंमद जेवून आडवे झाले होते. शरिफा कोपरा झाडायला आली आणि गोणपाट उचलताना तिनं मला उचललं. डाव्या हातानं. जड वस्तू ती त्याच हातानं उचलते, आपोआप. माझी मूठ तिच्या तळव्यात अशी बसली की ती थबकली. तिनं मला एकदा उघडलं, एकदा मिटलं. मग हळूच दाराकडं बघितलं.

ठोकळ्यात तिनं मला बसवलं खरं, पण बैठक होती उजव्या हाताच्या माणसाची. रस्त्याकडं तोंड, ठोकळा उजव्या अंगाला. शरिफाला ठोकळा डावीकडं यायला हवा होता, म्हणून ती बैठकीच्या उलट्या बाजूनं, भिंतीकडं तोंड करून बसली. उजेड पाठीमागं, स्वतःची सावली पत्र्यावर. तशातच तिनं एका टाकाऊ तुकड्यावर रेघ ओढली आणि दांडा दाबला.

काय सांगू तुम्हाला! मी सुरी साबणातून जावी तशी गेले. रेघ तिच्या डोळ्यासमोर उघडी, माझी पाती एकमेकांना चिकटून, आणि कातरण बाजूनं वेटोळं घेत निघतंय. एक पान पुरं झालं. तिनं ते उजेडात धरलं, अंगठा काठावरून फिरवला, आणि ही एवढी लेकुरवाळी बाई तोंडावर पदर धरून रडली. मलाही भरून आलं. चुकून झालेलं कुणाच्या तरी हाताचं असू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

पण तिनं अब्बांना सांगितलं नाही. ती घाबरली. घरात डाव्या हातानं घास घेतला तरी टोकायचे, मग दर्ग्याचा कंदील डाव्या हातानं कापलेला कसा चालेल? शिवाय एवढी वर्षं ज्यांनी हातात काप नाही म्हणून सांगितलं, त्यांनी पुन्हा तेच म्हटलं तर? आता सापडलेलं तेही जायचं. म्हणून दुपारी अब्बांचा डोळा लागला की ती भिंतीकडं तोंड करून कापायची आणि पानं जुन्या डब्यात लपवायची.

छबूबाईंनी एकदा तिला गाठलंच. छबूबाई म्हणजे वस्तीवरच्या, चार म्हशींच्या मालकीण, तोंडाच्या फटकळ पण मनाच्या निर्मळ. त्या कणगीच्या तोंडाला बसवायची गोल चकती करून न्यायला आल्या होत्या. "का गं, भितीकडं तोंड करून बसलीस? रुसलीस व्हय?" म्हणाल्या. शरिफानं दचकून मला पदराआड घेतलं. मग बोलण्याच्या आवाजानं अब्बा उठायला नकोत म्हणून तिनं तिथल्या तिथं चकती कापून दिली. छबूबाईंनी चकती फिरवून पाहिली, शरिफाच्या हाताकडं पाहिलं आणि काही न बोलता निघून गेल्या. फटकळ माणसाला गप्प कधी बसायचं हे कळतं.

पण कातरण कुठं लपवणार? चकती कापताना निघालेलं लांब वेटोळं ठोकळ्यामागं जाऊन पडलं होतं. लालमहंमद उठून बैठकीवर आले, पाय पसरताना ते त्यांच्या तळव्याला लागलं. त्यांनी उचललं आणि बघतच राहिले. पत्रा कापताना जे कातरण निघतं त्याला पीळ पडतो. उजव्या हाताच्या कातरीचा पीळ एका अंगाला. जन्मभर त्यांनी तोच पाहिला होता. त्यांच्या दुकानात, त्यांच्या वडिलांच्या दुकानात, दुसरा पीळ कधी पडलाच नव्हता. हातातल्या वेटोळ्याला मात्र उलटा, डावा पीळ होता. काठ तर असा गुळगुळीत की कुठं दातरा नाही.

त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. मी तिथं नव्हते. मी शरिफाच्या पदराखाली होते.

"हे कुणी कापलं?" त्यांनी विचारलं.

शरिफा उठून उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, "मी, अब्बा."

"पुन्हा काप. माझ्यासमोर."

तिनं मला ठोकळ्यात बसवलं. आणि काय झालं माहीत आहे? अब्बा समोर बसलेले बघून पोरीनं दांडा उजव्या हातात धरला. ठरवून नाही, सवयीनं. लहानपणापासून त्यांच्यापुढं चांगला हात तोच, हे अंगात इतकं मुरलेलं. मी तिला साथ द्यायची फार धडपड केली, पण माझा इलाज नव्हता. पत्रा चावला गेला. तिचा हात थांबला, मान खाली गेली. सगळं संपलं असं तिला वाटलं असणार, मला तरी तसंच वाटलं.

लालमहंमद पुढं झाले. थरथरत्या हातानं त्यांनी तिचा उजवा हात माझ्यावरून बाजूला केला.

"ह्या हातानं न्हाई, बेटा," ते म्हणाले. "ज्या हातानं हे वेटोळं काढलंस, त्या हातानं."

शरिफानं डावा हात पुढं केला. मी कापत गेले. पान निघालं ते तिनं अब्बांच्या हातात दिलं. ते कितीतरी वेळ काठावरून अंगठा फिरवत होते. मग त्यांनी तिच्याकडं जुना डबा मागितला, कारण असा डबा असणार हे त्यांना कळलंच होतं. सगळी पानं फरशीवर मांडली आणि एक एक उचलून पाहिलं. म्हणाले, चांद मोठा घेऊ यंदा.

आसिफला विकतच्या कंदिलाचं नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. शरिफा अजून भिंतीकडंच तोंड करून बसायची, सावली तिच्या कापावर पडायची. तर लालमहंमद काय करत? कोऱ्या, चकचकीत पत्र्याचा एक तुकडा घेऊन तिच्या मागं बसत, आणि रस्त्यावरचं ऊन त्यावर झेलून तिच्या रेघेवर पाडत. हात थरथरायचा, मग उजेडही थरथरायचा. मग त्यांनी पत्रा गुडघ्यावर टेकवला आणि उजेड स्थिर झाला. जन्मभर ज्या माणसानं तिला सांधे जोडायला लावले, तो आता तिच्या कापाला दिवा धरून बसला होता. मी अनेक पत्रे कापले आहेत, पुढंही कापीन, पण त्या उन्हात कापलेली पानं मला सगळ्यांत प्रिय आहेत.

उरुसाच्या दिवशी शरिफानं मला पदरात गुंडाळून बरोबर नेलं. आयत्या वेळी एखादं पान दुरुस्त करावं लागलं तर, असं तिनं सांगितलं, पण खरं म्हणजे तिला मी सोबत हवी होते. दिवेलागणीला कंदील लिंबाला चढला. लोक जमले. सूर्यभानही आले होते, थोडे अंतर ठेवून, अबोला मोडायचा कुणी या विचारात. सगळे लालमहंमदांकडं बघत होते. ते पुढं झाले. काडीपेटी हातात घेतली, मग ती तशीच धरून मागं वळले.

"कापलं त्यानं पेटवायचं, असा रिवाज हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शरिफा, ये."

गर्दीत कुजबुज झाली. शरिफा जागची हलेना. छबूबाई आपल्या नातीला घेऊन उरूस बघायला आल्या होत्या, त्यांनी तिला मागून चक्क ढकललं. ती पुढं गेली. काडी तिनं डाव्या हातानं ओढली आणि एकदा अब्बांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. ज्योत लागली, आणि अंगणावर, भिंतीवर, माणसांच्या अंगाखांद्यावर वेल पसरली. लालमहंमदांच्या पांढऱ्या दाढीवरही एक पान पडलं होतं, अगदी स्वच्छ काठाचं. ते शरिफानं पाहिलं आणि मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरिफा दुकानात आली तर दारातच थांबली. लालमहंमद जमीन खणत होते. आजोबांनी रोवलेला बाभळीचा ठोकळा, ज्याला कुणी कधी हात लावला नव्हता, तो त्यांनी मुळापासून हलवला होता. त्यांच्यानं तो काही उपसेना. सूर्यभान पहार घेऊन मदतीला आले होते, आणि तोंडही चालू होतं. म्हणत होते, "म्हंजे माझीच बाजू बरोबर हुती तर!" लालमहंमद म्हणाले की तू चुकलास म्हणूनच बरं झालं, आणि दोघं हसत सुटले. अबोला असा मिटला.

ठोकळा त्यांनी बैठकीच्या डाव्या अंगाला रोवला. आता तिथं बसलं की तोंड रस्त्याकडं, उजेड समोरून आणि रेघ उघडी. शरिफानं मला त्यात बसवलं. तिथंच मी आज आहे, आणि कणग्या, झाकणं, नरसाळी, सगळ्यांचा काप आता तिचा असतो. दुकानात कातरण पडतं ते डाव्या पिळाचं. लालमहंमद शेजारी बसून हळू हातानं तार भरतात आणि गिऱ्हाइकांना मुद्दाम ते वेटोळं दाखवतात.

मित्रांनो, निरोप घेताना तुमच्याकडं दोन मागण्या. तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल, पत्र्याची, कापडाची नाही तर कागदाची, तर तिनं तार तोडू नका, तिला ओली ठेवू नका, अधूनमधून खिळ्यावर तेलाचा थेंब सोडा. आम्ही तेवढ्यावर पिढ्या काढतो. आणि दुसरी मागणी. तुमच्या शेजारी बसणाऱ्या कुणाची रेघ सारखी वाकडी जात असेल, तर त्याच्या हाताला नावं ठेवायच्या आधी त्याच्या हातात काय दिलंय आणि त्याला कुठं बसवलंय ते एकदा बघा. हे काही माझ्या मनचं नाही. त्या सकाळी ठोकळा रोवून झाल्यावर लालमहंमदांनी हाताची माती झटकली, शरिफाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले,

"तुझा हात कधीच वाकडा न्हवता, बेटा. आमचा ठोकळा चुकीच्या बाजूला हुता."